दुरडीतले रंग आणि सोलापूरचं ऊन

सोलापुरात कोंबडी निवडायची तर आधी मे महिना आठवावा. अंड्याचा रंग, पिसांचा डौल, किंमत, हे सगळं त्यानंतर.

हे सुरुवातीलाच सांगते, कारण हल्ली माझ्याकडे अंडी न्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण मोबाइलमधला एक फोटो पुढे करतात. वेताची टोपली, खाली वाळलेलं गवत, आणि त्यावर निळी, शेवाळी, गुलाबीसर, चॉकलेटी अंडी मांडलेली. "ताई, ह्या कोंबड्या कुठं मिळतात ओ?" विचारणाऱ्याच्या आवाजातली ती हौस मला परकी नाही. मलाही रंगाचा सोस आहे, आणि तसा फोटो दिसला की मीही तो मोठा करून बघते. फक्त त्या टोपलीवर कुठलं आभाळ आहे, ते फोटोत दिसत नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, रात्री दहा वाजता भिंतीला हात लावला तरी ती तापलेलीच असते, आणि वारा सुटला तरी तो गरमच.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून सुटे धरते, तुऱ्यातून आणि चोचीखालच्या लाल लोंबत्या कातडीतून थोडी उष्णता बाहेर टाकते. तिच्याजवळ एवढीच साधनं आहेत. ज्यांच्या पायांच्या बोटांपर्यंत दाट पिसं आहेत अशा ब्रह्मा किंवा कोचिनसारख्या जड कोंबड्या शोभेसाठी इथं आणायच्या आणि मग मेमध्ये त्यांची तडफड बघत बसायची, हा त्या जिवांचा छळ आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रान्समधली मारान्स ही गडद चॉकलेटी अंड्यांची राणी. पण ती पश्चिम किनाऱ्याजवळच्या दलदलीच्या, ओलसर मुलखातली. तिचा मुलूख आणि आपला माळ यांचं काही जुळत नाही.

म्हणून माझा क्रम असा: इथं तग धरणारी कोंबडी आधी, आणि तग धरणाऱ्यांमध्ये जेवढे रंग मिळतील तेवढे नंतर. एवढ्या कडक अटीवर निवड करूनही दुरडी बेरंगी राहत नाही. उलट, ती भरत गेली तसे मला फोटोतल्या टोपलीत न दिसणारे रंग दिसायला लागले.

रंग येतो कुठून, हे समजून घेतल्याशिवाय निवड करता येत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. सोलापुरी चादरीचं सूत आधी रंगवतात, मग ते साच्यावर चढवून विणतात. म्हणूनच ती चादर उलटी केली तरी रंग तिथंच असतो. छापील कापडाचं तसं नसतं. वर रंग आणि पाठ फिकी. अंड्याचं कवच मला समजलं ते वडिलांच्या ह्या बोलण्यातून. निळं अंडं सूत रंगवून विणलेलं, तपकिरी अंडं छापील.

कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले २० एक तास कवच चढण्यात जातात. कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच, आणि चुना मुळात पांढरा. त्यामुळे प्रत्येक अंड्याची सुरुवात पांढऱ्यापासून. निळ्या अंड्यात बिलिव्हर्डिन नावाचं निळसर-हिरवं द्रव्य चुन्यासोबतच मुरत जातं, म्हणून निळं अंडं फोडलं तर कवच आतूनही निळंच. तपकिरी अंड्याचं द्रव्य वेगळं, प्रोटोपोर्फिरिन. ते बहुतेक सगळं शेवटच्या काही तासांत वरून चढतं. तपकिरी अंडं फोडून कवचाची आतली बाजू बघा, ती पांढरी दिसेल. निळ्या कवचावर हा तपकिरी थर चढला की अंडं हिरवं होतं, आणि थर खूप गडद असला की शेवाळी. एवढ्या दोन रंगद्रव्यांच्या कमी-जास्त प्रमाणावर जगातल्या सगळ्या कोंबड्यांच्या अंड्यांचे रंग उभे आहेत.

निळ्याची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. चिलीतल्या मापुचे ह्या आदिवासी लोकांनी सांभाळलेल्या कोंबड्यांपासून आलेली आरौकाना निळी अंडी घालते, आणि चीनमधल्या दोंगशियांग आणि लुशी ह्या कोंबड्याही निळी अंडी घालतात. मध्ये अख्खा प्रशांत महासागर. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून उलगडलं ते असं: फार पूर्वी कधीतरी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात एका जनुकाच्या शेजारी जाऊन बसला आणि कायमचा तिथलाच झाला. त्याच्या शेजारामुळे ते जनुक, जे एरवी कवच चढवणाऱ्या पिशवीत गप्प असतं, तिथं कामाला लागलं आणि कवचात निळा रंग उतरू लागला. चिलीत आणि चीनमध्ये हे स्वतंत्रपणे घडलं, तुकडा बसलेली जागासुद्धा दोन्हीकडे थोडी वेगळी आहे. अंडं खाणाऱ्याला ह्यानं काही होत नाही. पण एका जुन्या संसर्गाची खूण आईकडून लेकीकडे येत येत टोपलीतला सगळ्यांत देखणा रंग होऊन बसावी, हे मला कितीदा वाचलं तरी नवं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या अक्कांनी ह्यातलं काही वाचलेलं नाही. त्या शहराच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. माहेरी मागावर काम चालायचं आणि मागाखालीच कोंबड्या फिरायच्या. आठवडी बाजारात कोंबडी घ्यायला मी त्यांना घेऊनच जाते. विकणारा पाय दाखवतो, वजन दाखवतो, अक्का मात्र कोंबडीचं डोकं बोटांनी बाजूला वळवून कान बघतात. "पाळी पांढरी हाय, ही पांढरंच घालणार. ती लाल कानाची बघा की." हा ठोकताळा शास्त्रातही बराचसा टिकतो. पांढऱ्या लेगहॉर्नच्या कानाची पाळी पांढरी आणि अंडं पांढरं. ऱ्होड आयलंड रेडची पाळी लाल आणि अंडं तपकिरी. अपवाद अर्थात आहेत. आरौकानाची पाळी लाल असूनही अंडं निळं, आणि कडकनाथच्या काळपट पाळीवरून तर काहीच सांगता येत नाही. मला विचाराल तर गावरान कोंबड्यांच्या बाबतीत अक्कांचं बोट बहुतेक वेळा बरोबर पडतं.

एक गैरसमज मात्र अक्कांच्या बाजारातही आहे आणि शिकलेल्या घरांतही आहे. लोकांना वाटतं कोंबडा बदलला की अंड्यांचा रंग बदलतो. कोंबडीच्या अंड्याचा रंग तिच्या स्वतःच्या जनुकांवर ठरतो. ती कोणत्या कोंबड्यासोबत आहे, किंवा सोबत कोंबडा आहे की नाही, ह्यानं कवचाला फरक पडत नाही. कोंबड्याचा वाटा दिसतो तो पुढच्या पिढीत, त्याच्या लेकी अंड्यावर येतात तेव्हा.

आता माझ्या दुरडीकडे येते.

शुभ्र पांढऱ्यासाठी लेगहॉर्न. दुकानातल्या ट्रेमध्ये जी अंडी असतात ती ह्याच घराण्यातून आलेल्या संकरित कोंबड्यांची, म्हणून हौशी मंडळी पांढऱ्याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पांढरं अंडं शेजारी असल्याशिवाय मलई रंगाचं अंडं मलई आहे हे दिसतच नाही. शिवाय इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली ही हलक्या अंगाची, मोठ्या लाल तुऱ्याची कोंबडी ऊन चांगलं सोसते. तिचा तो एका बाजूला कललेला तुरा ही तिची उष्णता बाहेर टाकायची जागा आहे. तिच्यात एकच उणीव: ती खुडूक बसत नाही. वर्षभर अंडी घालेल, पण अंड्यांवर बसायची बुद्धी तिच्या घराण्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकलेली आहे.

ती उणीव असील भरून काढते. झुंजीसाठी नाव काढलेली ही जात आईपणात किती खंबीर आहे ते पाळल्याशिवाय कळत नाही. तिची अंडी थोडीच, वर्षाला लेगहॉर्नच्या पाव हिश्श्याच्या आसपास, आणि रंग फिक्या चहासारखा. पण रवणीला बसली की दाण्यापाण्यापुरतीच उठते. तिच्या पोटाखाली मी सगळ्यांची अंडी ठेवते. पांढरी, तपकिरी, कुणाचीही. पिल्लं बाहेर पडली की घार वर घिरट्या घालत असताना असील पळत नाही, मान ताठ करून आभाळाकडे बघत उभी राहते. एकदा मुंगूस कुंपणातून आत शिरलं तेव्हा तिनं त्याला जे परतवून लावलं ते अख्ख्या गल्लीनं गच्चीवरून पाहिलंय.

कडकनाथबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. काळी कोंबडी म्हणून लोक काळं अंडं शोधायला येतात. तसं काही नसतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही कोंबडी. २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. तिची पिसं, कातडी, हाडांवरची पातळ त्वचा, जीभसुद्धा काळी, आणि अंडं मात्र मलईवर किंचित गुलाबी झाक असलेलं, लहानखुरं. काळा रंग हा मेलॅनिनचा, आणि मेलॅनिनचा अंड्याच्या कवचाशी संबंध नाही. तिच्या नावावर आपल्याकडे जे झालं ते फार वाईट होतं. २०१९ च्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ पालनाच्या योजनांत शेतकऱ्यांचे पैसे अडकले, आणि तेव्हापासून नाव काढलं तरी माणसं हात जोडतात. ह्यात कोंबडीचा काही दोष नाही. अंगणात मोजक्या कडकनाथ ठेवणाऱ्याला ती कधी दगा देत नाही. ती आदिवासी अंगणांतच वाढलेली, उन्हापावसाला आणि कमी खाद्याला सरावलेली आहे. तिचं एक अंडं पांढऱ्या आणि तपकिरी अंड्यांच्या मध्ये ठेवा, दोन्ही रंग उठून दिसतात.

तपकिरीसाठी माझ्याकडे ग्रामप्रिया आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं खास परसातल्या पालनासाठी तयार केलेला हा वाण. त्यांच्या तपकिरीत गुलाबीचा अंश असतो. त्याहून गडद, विटेच्या जवळ जाणारा तपकिरी हवा असेल तर ऱ्होड आयलंड रेड. काळी ऑस्ट्रेलॉर्पही तपकिरी अंडी घालते, आणि घालते ती भरपूर. ह्या जातीच्या एका कोंबडीनं ऑस्ट्रेलियात ३६५ दिवसांत ३६४ अंडी घातल्याची नोंद आहे. पण काळं, जड, पिसारलेलं अंग सोलापूरच्या उन्हात तापतं फार. गर्द सावली असलेल्या, चिंच-लिंबाखालच्या अंगणात ती राहील. माझ्या अंगणात एकच कडुलिंब आहे आणि दुपारी त्याची सावली सरकते, म्हणून मी तिचा नाद केला नाही. गिरीराज आणि वनराजा ह्या दोन्ही चांगल्या, पण त्या मांसाकडे झुकणाऱ्या, अंगानं जड. रंगाच्या दुरडीत त्या नवीन काही घालत नाहीत.

आणि माझी सगळ्यांत लाडकी, उघड्या मानेची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रोगानं पिसं झडली. तसं नाही, हा एका जनुकाचा गुण आहे, आणि तो मानेपुरता थांबत नाही. सगळ्या अंगावरचीच पिसं त्यामुळे कमी होतात, आईबाप दोघांकडून आलं असेल तर जवळजवळ ४० टक्क्यांनी. एकाकडूनच आलं असेल तर गळ्याच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक झुपका राहतो, त्यावरून लगेच ओळखता येतं. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं ह्याच गुणाचा उपयोग करून 'हितकारी' नावाचा वाण केला, आणि उलट्या पिसांच्या कोंबडीपासून 'उपकारी'. ही नावं कुणी ठेवली असतील त्यांना मे महिना माहीत असणार. दुपारी दोन वाजता बाकीच्या कोंबड्या सावलीत धापा टाकत असतात तेव्हा माझी उघड्या मानेची कोंबडी कुंपणाशी पाय फेकून माती उकरत असते. तिचं अंडं फिकं तपकिरी, त्यावर बारीक गडद ठिपके. रूपाला नावं ठेवणारेच लोक तिचं अंडं हातात घेऊन निरखत बसतात.

ह्या सगळ्यांच्या जोडीला साध्या गावरान आहेत, ज्यांना जातीचं नाव नाही. दुरडीतली खरी गंमत त्यांची. एकीचं अंडं बदामी, दुसरीचं हस्तिदंती, तिसरीचं निमुळतं आणि खडूसारखं कोरडं. रंग चढवायची हातोटी प्रत्येक कोंबडीची स्वतःची असते आणि ती सहसा जन्मभर टिकते, त्यामुळे घरातल्या कुणालाही विचारलं तरी कोणतं अंडं कुणाचं ते सांगता येतं. काही अंड्यांवर जांभळट झाक दिसते. तो वेगळा रंग नाही. अंडं बाहेर पडताना त्यावर जो पातळ ओलसर लेप बसतो आणि वाळतो, तो जाड असला की तपकिरी रंग असा जांभळट दिसतो. पाण्यानं धुतलं की झाक गेली. तसंही मी अंडी धुत नाही, कारण तोच लेप कवचाची छिद्रं बंद ठेवून अंडं टिकवतो. कोरड्या फडक्यानं पुसलं की पुरे.

आता उन्हाळा. मार्च संपता संपता दुरडी फिकी व्हायला लागते. तपकिरी अंड्यांचा रंग उतरतो, कवच पातळ होतं, उचलताना बोट जपून लावावं लागतं. ह्यामागचं कारण कळल्यापासून मी उन्हाळ्यात कोंबड्यांकडे जास्त लक्ष देऊ लागले. सतत धापा टाकल्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. कवचाचा चुना कॅल्शियम आणि कार्बोनेट मिळून होतो, आणि कार्बोनेट येतं ते रक्तातल्या ह्याच कार्बन डायऑक्साइडपासून. तो कमी पडला की शिंपल्यांची पूड कितीही खाऊ घातली तरी कवच भरत नाही. वरून गरमीनं भूक मेलेली. म्हणजे अंड्याचा रंग उतरला ही कोंबडीनं दिलेली पहिली वर्दी असते, ती पडण्याच्या कितीतरी आधी. ती वर्दी वाचता आली पाहिजे. मी खाद्य पहाटे आणि दिवेलागणीला देते, भर दुपारी पोटात दाणा पडून अंग आणखी तापायला नको. पाणी मातीच्या परळांत, सावलीत, आणि दुपारी बदललेलं. खुराड्याच्या पश्चिमेच्या जाळीला ओलं गोणपाट. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की मावळतीचं ऊन आत कमी शिरतं. नवं खुराडं बांधणाऱ्यानं एवढं एक तरी ऐकावं. आणि पिल्लं कधीही मार्च-एप्रिलमध्ये आणू नयेत. बाजारात तेव्हा ती स्वस्त मिळतात, त्याला कारण आहे.

मानमोडीची लस वेळेवर द्यायची, ह्यावर जास्त बोलायची गरज नाही. रंगाबिंगाच्या गप्पा त्याशिवाय व्यर्थ.

पितृपक्षाच्या सुमारास माझ्या बऱ्याचशा कोंबड्या पिसं टाकतात आणि अंडी थांबतात. लोक तेव्हा घाबरून विकून टाकतात. थांबावं. नवी पिसं आली, कोंबडी पुन्हा अंड्यावर आली, की तिचा रंगही पुन्हा गडद होतो. त्यामुळे माझी दुरडी सगळ्यांत भरलेली आणि सगळ्यांत रंगीत असते ती गड्ड्याच्या दिवसांत, जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेला गावोगावची माणसं शहरात उतरतात तेव्हा. नेमकं तेव्हाच कितीतरी घरांत अंडं चालत नाही. श्रावणातही तसंच. त्या दिवसांत मी असीलखाली अंडी ठेवते.

आतल्या बलकाचा रंग ही निराळीच बाब, आणि लोक ती कवचाशी जोडून टाकतात. कवचाचा रंग वंशातून, बलकाचा रंग दाण्यातून. आपल्या भागात कोंबडीला ज्वारी घालतात, आणि घालावीच. माळावर पिकणारं तेच. पण पांढऱ्या ज्वारीत बलक पिवळा करणारी द्रव्यं फार थोडी, म्हणून नुसत्या ज्वारीवरच्या कोंबडीचा बलक लिंबासारखा फिका होतो. त्यात मक्याचा भरडा मिसळा, लसूणघास द्या, शेवग्याचा पाला द्या, आठवड्यात बलक केशरी व्हायला लागतो. दसरा-दिवाळीला झेंडूच्या पाकळ्याही मी वाळवून ठेवते, मात्र घरच्या झाडांच्याच. बाजारातल्या हारांवर काय फवारलेलं असतं ते सांगता येत नाही.

आणि म्हणूनच, जी अंडी मी विकते त्यांच्याबद्दल खोटं बोलत नाही. तपकिरी अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असतं, हे खरं नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीचा. पोषण ठरतं ते तिनं काय खाल्लं आणि अंडं किती ताजं आहे त्यावर. 'गावरान' ह्या एका शब्दापायी बाजारात अंड्याचा भाव दुप्पट होतो, आणि त्या भावासाठी पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून विकणारेही असतात. ओळखायचं कसं, असं मला विचारतात. व्हिनेगरनं चोळून बघा असा उपाय सांगितला जातो, पण व्हिनेगरनं खऱ्या तपकिरी अंड्याचाही रंग निघतो, कारण तो मुळात वरच्याच थरात असतो. त्यापेक्षा दुरडीच बघा. गावरान अंडी एकसारखी नसतात. डझनभर अंडी एकाच मापाची, एकाच छटेची दिसली, तर ती परसातल्या निरनिराळ्या कोंबड्यांची नाहीत. परसातल्या दुरडीत लहान-मोठं, गोल-निमुळतं, फिकं-गडद असं सगळं एकत्र येतं, आणि ती सरमिसळ चहाच्या पाण्यानं आणता येत नाही.

ह्या सरमिसळीची मला काळजीही वाटते. विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत, पूर्व भागात, आसपासच्या खेड्यांत बायका डालग्याखाली ज्या कोंबड्या ठेवतात त्या कुठल्याही नोंदवहीत नाहीत. अंकलेश्वर, बसरा, निकोबारी, असील, कडकनाथ ह्यांना निदान नाव आणि नोंद आहे. ह्या बिननावाच्या कोंबड्यांत ऊन सोसणारी, कमी दाण्यात अंडी घालणारी, खुडूक बसणारी, पिल्लं जगवणारी अशी कितीतरी घराणी असतील. जास्त अंड्यांच्या आशेनं प्रत्येक दारात एकच संकरित वाण पोचला की ती घराणी संपतील, आणि संपल्याचं कळणारही नाही. म्हणून मी नवीन जात आणते तेव्हा जुन्यांतली एक तरी रवण शुद्ध ठेवते. वेगळा कोंबडा, वेगळं खुराडं, पिल्लांच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा.

आता राहिला निळा. खरं सांगायचं तर मला तो हवा आहे. अक्कांच्या नातीला माझ्याहून जास्त हवा आहे; ती रोज शाळेतून येताना विचारते. जातिवंत आरौकाना किंवा अमेरौकाना इथं आणून ठेवण्यापेक्षा मला दुसरी वाट दिसते. निळ्या अंड्याचं जनुक प्रभावी आहे: आईबापांपैकी एकाकडून आलं तरी लेक निळसर अंडी देते. उघड्या मानेचं जनुकही तसंच. निळ्या घराण्यातला एक कोंबडा माझ्या उघड्या मानेच्या कोंबड्यांत सोडला, तर पहिल्याच पिढीत काही तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अशा निघायला हव्यात की मान उघडी आणि अंडं हिरवट. हिरवट, कारण आयांचा तपकिरी थर वर चढणार. सोलापूरच्या उन्हात दुपारी माती उकरणारी आणि हिरवं अंडं घालणारी कोंबडी; तिच्यासाठी मी दोन-तीन वर्षं थांबायला तयार आहे.

अडचण आहे ती कोंबडा ओळखण्याची. तो अंडं घालत नाही, म्हणून त्याच्यातला निळा दिसत नाही. परदेशात ह्यासाठी तुऱ्यावरून अंदाज बांधतात. निळ्याचं जनुक आणि वाटाण्यासारख्या ठेंगण्या तुऱ्याचं जनुक गुणसूत्रावर जवळजवळ बसतात, आणि बहुतेक वेळा जोडीनंच पुढे जातात. आपल्याकडे ही खूण कामाची नाही, कारण आपल्या असीलचाही तुरा तसाच ठेंगणा. असीलच्या संकरातला कोंबडा आरौकाना म्हणून गळ्यात मारायला काही वेळ लागत नाही, आणि त्याची किंमतही हजारांत सांगतात. म्हणून विकणाऱ्याकडे जाऊन मी तुरा बघत नाही, दाढी बघत नाही, कागदही मागत नाही. ह्या कोंबड्याची आई दाखवा, आजी दाखवा, बहिणी असतील तर त्या दाखवा, आणि त्यांचं अंडं माझ्यासमोर फोडून कवच आतून दाखवा, एवढंच म्हणते. आतून निळं निघालं आणि किंमत झेपली तर तो ह्या मृगानंतर, पहिले दोन पाऊस पडून हवा निवली की येईल. आधी नाही.